गुरुदासांचे अनुस्वार

मी माझ्या हयातीत किती अनुस्वार मारले असतील, त्याची गणती नाही. त्यात लाज कसली? तेच तर माझं काम होतं. कुडाळच्या एका छापखान्यात एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासली. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, शाळांचे अहवाल, कोणाकोणाची मानपत्रं. जुनी माणसं मजकूर लिहून आणायची, तो वर तीळ सांडल्यासारखा असायचा. 'कांहीं', 'नाहीं', 'आम्हीं', 'पांणी'. जे उच्चारात नाही ते कागदावर कशाला? मी लाल पेन घ्यायची आणि एकेक टिंब उडवायची. मालक म्हणायचे, "नर्मदाबाई, तुमच्या हातात पेन आलं की अक्षरं टोप्या काढून उभी राहतात." मला त्याचा भारी अभिमान होता.

निवृत्त होऊन पिंगुळीच्या घरी येऊन बसले आणि दोन महिन्यांत वेड लागायची पाळी आली. घरात मी एकटीच. सकाळी ओटीवर बसलं की समोर काजूच्या झाडांत धुकं अडकलेलं असायचं. ते हळूहळू सुटायचं आणि मी त्यात अक्षरं शोधत बसायची. माझा भाचा कौस्तुभ कणकवलीला बँकेत असतो. त्याने कवितांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, 'ओली वाळू' नावाचा. "मावशी, तू धुक्याच्या चुका काढायच्या आधी आमच्या काढ," असं म्हणून त्याने मला त्यात ढकललं.

दीडशेच्या आसपास माणसं. कोणी अंगणवाडीताई, कोणी कंडक्टर, कोणी लातूरचं, कोणी थेट दुबईचं. एकाच्याही नावावर पुस्तक नाही. ग्रुपचा नियम एकच: एक वाह, एक खटक. म्हणजे दुसऱ्याच्या कवितेत काय आवडलं ते एक सांगायचं आणि काय खटकलं ते एक सांगायचं. नुसतं 'छान' लिहून पळून जाणाऱ्याला कौस्तुभ दम द्यायचा. दर रविवारी एका कवितेचं सुंदर कार्ड निघायचं, मागे एखादं चित्र घालून. कविता तो निवडायचा, शुद्धलेखन माझ्याकडे.

खोटं कशाला बोलू, मला त्या माणसांची सवय लागली. दुपारी जेवून आडवं व्हावं, डोळा लागतोय न लागतोय अशा वेळी उशाशी फोन टिंग करतो. कोणाची तरी ओळ येते, त्याखाली कोणाची तरी दाद, मग कोणी हळूच म्हणतं, 'ताई, दुसऱ्या कडव्यात जरा थांबा ना.' त्या ओळी माझ्या झोपेत मिसळून जायच्या. उठल्यावर कळायचं नाही, हे मी वाचलं की मला दिसलं.

गुरुदास आमच्यातले सगळ्यांत लाडके. वय बासष्ट. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, देवबागच्या समोरच्या काठावर त्यांचं घर. आयुष्यभर होडी चालवली, माणसं या काठावरून त्या काठावर नेली. शाळा चौथीपर्यंत, पुढचं लिहिणं-वाचणं एका जुन्या पोथीवरून आणि भजनाच्या वहीवरून. त्यामुळे पोथीतले सगळे अनुस्वार त्यांच्या हाताला चिकटलेले. वहीच्या पानावर मालवणीत कविता लिहायची, फोटो काढून पाठवायचा. मी तो टाईप करायची आणि दर खेपेला पसाभर टिंबं वेचून टाकायची. 'गुरुदास, अहो हातावर टिंब कशाला? हात दुखतोय का?' असं मी ग्रुपवर लिहायची. सगळे हसायचे. ते उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचे. बाकी बोलणं म्हणाल तर शून्य.

गेल्या माघात आम्ही आठदहाजण त्यांना भेटायला देवबागच्या धक्क्यावर गेलो होतो. त्यांनी आम्हाला होडीत घातलं. सकाळची वेळ, दोन्ही काठ धुक्यात, माड नुसते शेंड्यांनी दिसत होते. मध्यावर आल्यावर त्यांनी वल्हं वर उचललं आणि होडी तशीच उभी राहिली. पुढे नाही, मागे नाही. खाली आभाळ, वर आभाळ. एरवी बडबडणारी माणसं आम्ही, कोणी चकार शब्द काढला नाही. शेवटी मीच विचारलं, "गुरुदास, इथे काय आहे?"

"काय नाय वो," ते म्हणाले. "भरती सोपली, सुकती सुरू होवक नाय. हयसर पाणी जरा इचार करता."

एवढंच. ते त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यांत लांब भाषण. परतताना मला वाटलं, आयुष्यात आपण फार घाई केली.

वाटलं खरं, पण सवय जात नाही ना. यंदा जानेवारीतल्या एका शनिवारी कौस्तुभने गुरुदासांची नवी कविता पाठवली. त्या दिवशी माझ्याकडे पाहुणे यायचे होते, गॅसवर उसळ होती. एक डोळा कुकरवर, एक फोनवर, अशी मी टाईप करायला बसले. कविता छोटीशी होती.

तुझ्या आवशीन तुका होडयेत ठेवल्यान,
तीन वरसांचा चेडू, माका बघून रडणारा.
मी वल्हा मारी, तू पाणयात हात घाली.
लोक इचारीत, गुरुदासा, ह्या चेडू तुझा?
मी काय बोलाक नाय.
जी खंयसून येता ता आपल्याक ठावक नाय,
तरी आपल्या दारासून व्हावता,
ती आपली न्हय.
तू माझी न्हय.

मूळ कागदावर 'हांत' होतं, 'पांणयात' होतं, 'होंडयेत' होतं. उच्चारात नसलेली सगळी टिंबं मी पटापट उडवली. शेवटच्या दोन ओळींतल्या 'न्हंय'वरचीही. न्हय म्हणजे नव्हे, आम्ही बोलतोच तसं, तसा न्हय रे, असा न्हय गो. मग त्यावर टिंब कशाला?

आणि खरं सांगू? टिंब उडवल्यावर मी ती शेवटची ओळ वाचली आणि रडले. कुकरची शिट्टी होत होती आणि मी पदर डोळ्यांना लावून उभी. 'तू माझी न्हय.' नाही म्हणायचं, पण किती मऊ म्हणायचं! मलाही एकदा कोणीतरी नाही म्हटलं होतं, त्यात असा मऊपणा नव्हता. मला वाटलं, गुरुदासांनी आता कुठे खरी कविता लिहिली. आवशीने, म्हणजे आईने, होडीत ठेवलेली ती पोर कोण, वगैरे मी विचारायच्या फंदात पडले नाही. कवितेत काय, काहीही असतं.

रविवारी सकाळी कार्ड आलं. कौस्तुभने मागे सूर्यास्त आणि रिकामी होडी घातली होती. ग्रुप नुसता पाझरत होता. लातूरच्या पूजाने लिहिलं, 'वाह: शेवटच्या ओळीने काळीज चिरलं. खटक: मला दिवसभर स्वयंपाक सुचला नाही.' दुबईकर म्हणाले, 'वाह: तुटलेल्या नात्यावर इतकं संयत कोणी लिहीत नाही. खटक: काही नाही, नियम मोडतो.' गुरुदास प्रत्येकाला हात जोडत होते. मी स्वतःवर खूश होऊन दुपारी गाढ झोपले.

मंगळवारी त्यांचा फोन आला. गुरुदासांचा फोन! मी दचकलेच. मागे वारा होता आणि पाण्याचा थपथप आवाज.

"नर्मदाबाय, कविता वायट झाली काय वो?"

"वाईट? अहो, दीडशे माणसं रडवलीत तुम्ही!"

"मगे अनुजा फोन कित्याक उचलणा नाय?"

"अनुजा कोण?"

मग तो अबोल माणूस बोलायला लागला आणि थांबेचना. अनुजा त्यांची मुलगी. पोटची नव्हे, बायकोची. सावित्रीबाई पहिला नवरा वारल्यावर तीन वर्षांची पोर घेऊन त्यांच्या घरात आल्या. पोर मोठी झाली, शिकली, तिचं लग्न झालं. जावई ओरोसला सरकारी कचेरीत, दोघं तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतात. दोन वर्षांपूर्वी सावित्रीबाई गेल्या. आता अनुजाला आठवा महिना.

"ता चेडू माका म्हणाला, बाबा, आई नाय आता. पयल्या बाळंतपणाक पोरी म्हायाराक जातत. मी खंय जाव? माका म्हायार आसा काय?" गुरुदासांनी वल्हं होडीत टाकल्याचा आवाज आला. "माका बोलाक येना नाय, तुमका ठावक आसा. म्हटलंय, आयतवारी कविता येतली, ती बघ, त्यात माझा उत्तर आसा. त्या दिसापासून फोन बंद. जावई म्हणता, बेस्तरवारी तिका तळेऱ्याक सासरी धाडतलंय. मी काय वायट लिवलंय वो? मी तिका न्हंय म्हटलंय. आमची कर्ली, दारासून व्हावता ती. ह्येच्यापेक्षा मोठा माका काय म्हणूक येता?"

न्हंय. नदी.

आमच्या पिंगुळीकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. न्हंय हा शब्द आजीच्या तोंडात होता, तिच्याबरोबर गेला. एकतीस वर्षं छापखान्यात 'नदी' 'नदी' करून मी तो पुसूनच टाकला होता. आईबापांनी नाव ठेवलं नर्मदा आणि मेलीला नदी ओळखता आली नाही! जी खंयसून येता ता ठावक नाय, तरी दारासून व्हावता, ती आपली न्हंय. तू माझी न्हंय. बापाने पोरीला तू माझी नदी म्हटलं होतं आणि मी तिला वाचायला दिलं, तू माझी नव्हेस.

मी गुरुदासांना सगळं सांगितलं. रागावतील, शिव्या देतील असं वाटलं. त्यांनी कार्ड आत्तापर्यंत नीट वाचलंच नव्हतं. आपलीच पाठ असलेली कविता, ते मनातूनच वाचत होते. मग म्हणाले, "जावं दे, नर्मदाबाय. तुम्ही मुद्दाम करूक नाय." ते ऐकून मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कौस्तुभला दुरुस्त कार्ड करायला लावलं. ग्रुपवर मी लिहिलं, 'खटक: माझी. टिंब मी खाल्लं.' पण अनुजा काही ग्रुपवर नव्हती. तिला वडिलांच्या फोनवरून कार्ड गेलं होतं आणि आता तो नंबर तिने बंद करून टाकला होता. मी गुरुदासांकडून जावयाचा नंबर घेतला आणि जावयाकडून घराचा पत्ता.

गुरुवारी ती सासरी जायची होती, म्हणून बुधवारी सकाळीच ओरोसची एसटी धरली. खिडकीतून गार वारा येत होता आणि मला पहाटेपासूनची झोप अनावर झाली. स्वप्नात एक रुंद पाणी होतं. त्यावर काळी टिंबं तरंगत चालली होती, हजारो, मी आयुष्यभर उडवलेली. मी ओंजळीने ती गोळा करत होते आणि ओंजळीत नुसतं पाणी उरत होतं. कोणीतरी मागून म्हणत होतं, ह्यातलं खरं कोणतं ते सांग. कंडक्टरने "ओरोस, ओरोस" केलं तेव्हा मी घाबरून उठले आणि छत्री बसमध्येच विसरले.

अनुजाने दार उघडलं. सावळी, उंच, पोटावर हात ठेवून उभी. जमिनीवर दोन बॅगा भरून ठेवलेल्या. मी कोण ते सांगितलं तर तिने मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कचेरीत बोलतात तशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "तुम्ही उगाच त्रास घेतलात."

मी सगळं एका दमात सांगून टाकलं. छापखाना, टिंबं, उसळ, न्हंय. मग पर्समधून मूळ पानाची छापील प्रत काढून तिच्यासमोर धरली. "हे बघ, त्यांच्या हातचं. टिंब आहे की नाही?"

तिने कागद शांतपणे वाचला. मग बोट ठेवत म्हणाली, "टिंब तर 'हांत'वरही आहे. 'होंडयेत'वरही आहे. बाबा सगळ्यांवरच टिंब देतात. मग ह्या एकाच टिंबाला अर्थ आहे आणि बाकीच्यांना नाही, हे कशावरून?"

माझीच अक्कल माझ्या तोंडावर फेकून मारली पोरीने! कागद सांगत नव्हता. एकतीस वर्षं मी कागदावर विश्वास ठेवला आणि आज तो कुचकामी निघाला.

"ताई," ती म्हणाली, "बाबा मला कधी टाकून बोलले नाहीत. पण जवळचंही काही म्हटलं नाही. आई होती तोवर म्हणायची गरजही नव्हती. घर आईचं होतं, मी आईची होते. आता मी पहिल्यांदा विचारलं आणि हे आलं. तुम्ही चांगल्या मनाने आलात, पण माणसं वेळ सावरायला काहीही सांगतात. माझी आईसुद्धा सांगायची, बाबांच्या मनात आहे, बोलता येत नाही एवढंच." एवढं म्हणून तिने तोंड फिरवलं.

मला भयंकर राग आला. तिचा नव्हे, माझा, त्या कागदाचा, सगळ्या शुद्धलेखनाचा. मी फोन काढला, गुरुदासांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

"गुरुदास, ती शेवटची ओळ म्हणा."

"आता?" ते धक्क्यावर असावेत. मागे माणसांचे आवाज होते.

"आत्ता. ह्या क्षणी."

"लोक आसत वो हयसर."

"असू देत! म्हणा!" मी ओरडलेच. शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली.

त्यांनी घसा साफ केला. मग हळू, भजनात म्हणतात तसं म्हणाले, "तू माझी..." आणि पुढचा शब्द वाऱ्याने नेला.

अनुजा टेबलाजवळ आली. मी बोलणार तेवढ्यात तिने हाताने मला थांबवलं.

"बाबा," ती फोनवर वाकून म्हणाली. "काय म्हणालात? न्हय?"

तो कोणाचा आवाज आहे हे त्यांना लगेच कळलं.

"न्हंय गो," ते म्हणाले. नाकातून, स्पष्ट, लांबवून. "न्हंय. व्हावता ती. तू ल्हान असताना होडयेतसून हात घाली होतंस, ती. एकच तर आसा आमका."

अनुजाने खुर्चीचा हात घट्ट धरला. ती रडत होती, तोंडातून आवाज न काढता. मीही रडत होते, आवाज काढून. बराच वेळ फोनवर फक्त वारा येत राहिला, आणि दूर कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं. त्या खोलीत सकाळचं ऊन आलं होतं आणि मला वाटलं, आपण तिघंही एका जागी उभे आहोत, पुढे नाही, मागे नाही.

मग अनुजाने नाक पुसलं. कचेरीची भाषा कुठल्या कुठे गेली.

"मगे बाबा," ती म्हणाली, "मी बाळंतपणाक येव काय?"

एक श्वास, दोन श्वास. बोला ना आता तरी, मेल्यानो, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. आणि मग तो माणूस चक्क चिडला. त्याला चिडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"आपल्या घराक येवक कोण इचारता गो?"

फोन बंद झाला. अनुजा तशीच उभी राहिली, मग खाली बसून बॅगेची चेन उघडायला लागली. तळेऱ्याला न्यायच्या चांगल्या साड्या तिने एकेक करून बाहेर काढल्या आणि कपाटातून घरात नेसायच्या जुन्या, मऊ साड्या माझ्या मांडीवर टाकल्या. मी त्यांच्या घड्या घालायला बसले.